चपाती-भाजीचा कंटाळा आलाय, पण नवीन काही घशाखाली उतरत नाही, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वय ३४, राहायला कोल्हापुरात फुलेवाडीला, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. सकाळी पोहे नाहीतर उप्पीट, दुपारी डब्यात चपाती-भाजी, रात्री भाकरी-आमटी-भात, बुधवार-रविवार मटण किंवा चिकन, बाहेर गेलं तर तीच मिसळ आणि पाहुणे आले की तोच तांबडा-पांढरा रस्सा. सगळं आयुष्यच रिपीट मोडवर गेल्यासारखं वाटतंय. मित्र म्हणाला नवीन काहीतरी खात जा, म्हणून पुण्यात भावाकडे गेल्यावर सुशी मागवली, एक तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं करून ठेवून दिला, साडेआठशे रुपये गेले, बाकीचं भावाने संपवलं आणि वसाबीच्या (सुशीबरोबर देतात ती झणझणीत हिरवी चटणी) चार पुड्या तेवढ्या खिशातून घरी आल्या. माझ्या जिभेतच काही प्रॉब्लेम आहे का, आणि त्या पुड्यांचं काय करू?

दादा, आधी मी कोण ते सांगते म्हणजे कुठल्या अनुभवावर बोलतेय ते कळेल. होम सायन्स शिकले, ५ वर्षं एका हॉस्पिटलात डाएटीशियन म्हणून काढली, आणि गेली १९ वर्षं राजारामपुरीत मेस आणि डबे चालवते. कायम साठ-सत्तर मेंबर असतात, कोण गडहिंग्लजचा, कोण लातूरचा, कोण केरळची नर्सिंगची पोरगी, कोण मणिपूरचा. माणूस नवीन पदार्थासमोर बसला की त्याच्या तोंडावर काय काय येतं ते मी रोज दोन वेळा बघते, आणि ताटात काय उरलं ते पण मलाच उचलायला लागतं, त्यामुळे कोण काय बोलतो यापेक्षा कोण काय ठेवून जातो यावर माझा जास्त विश्वास.

जिभेत काही प्रॉब्लेम नाही तुमच्या. पण एक गोष्ट सांगते, कोल्हापुरात चारचौघांत बोलले तर मार पडंल: तुमच्या कंटाळ्याचं मूळ शोधायचं असंल तर घरातली चटणीची बरणी उघडून बघा.

बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवायची, ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी नाहीतर जवारी चवीला, थोडी लवंगी जाळाला, त्यात धणे, तीळ, खोबरं, कांदा, लसूण, खडा मसाला, सगळं भाजून डंकावरनं कुटून आणायचं. जगात भारी वस्तू, वाद नाही. पण मग होतं काय, की दोडका असो, गवारी असो, वांगं, वरणा, श्रावणघेवडा, मसूर, अंडी, सगळ्यात तीच चटणी दोन चमचे, वर शेंगदाण्याचं कूट, लाल कट, झालं. भाजी रोज बदलते आणि चव वर्षभर एकच. तुम्ही म्हणताय रोज वेगळी भाजी खाऊनसुद्धा बोअर होतंय, होणारच की ओ, तुम्ही ३६५ दिवस एकच पदार्थ खाताय, त्यात बुडवलेली वस्तू तेवढी वेगळी.

मला हे कळलं ते पण अक्कल होती म्हणून नाही, नाइलाजाने कळलं. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. माझी वर्षाची चटणी बहिणीकडे ठेवलेली, शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला, कारण मेसच्या खोलीत ओल होती. तिच्या घरात पाणी शिरलं आणि चटणीचे डबेच्या डबे गेले. हायवे शिरोलीजवळ बंद, भाजीची गाडी नाही, दुधाची बोंब, नळाला पाणी नाही, आणि घरी जाता न आलेले चाळीसेक मेंबर माझ्या दारात. घरात होतं ते काढलं, हुलगे, मसूर, तांदूळ, दोन पोती कांदे, कुणीतरी दिलेले दोडके. चटणीच नाही म्हटल्यावर मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि मीठ. पहिले दोन दिवस पोरं तोंड पाडून जेवली, एकजण म्हणाला पण, "काकू, पेशंटचं जेवण वाटतंय." चौथ्या दिवशी तोच पोरगा वाटी नाकाजवळ नेऊन मला म्हणतोय, "काकू, दोडक्याला स्वतःचा वास असतोय होय?" एकवीस वर्षांचा, जन्मापासून दोडका खाल्लेला, कागलचा पोरगा. मी पण खाऊन बघितला आणि मला पण तेव्हाच नीट कळला तो वास, खोटं कशाला बोलू.

याच्यामागे शास्त्र पण आहे. तिखट ही चव नसते. गोड-आंबट-खारट-कडू ह्या चवी, तिखट म्हणजे भाजल्याची खबर. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या नसांच्या ज्या टोकांना चिकटतं, त्यांचं काम मुळात उष्णता ओळखायचं आहे, म्हणून तर तोंड "भाजतंय" म्हणतो आपण. डेव्हिड ज्युलियस नावाच्या शास्त्रज्ञाने १९९७ साली तो रिसेप्टर शोधला आणि त्याला २०२१ चं नोबेल मिळालं (दुसऱ्या एकासोबत वाटून). तर रोज तेवढीच आग लागली की त्या नसा हळूहळू दाद द्यायच्या कमी होतात, मग तेवढंच तिखट फिक्कं लागतं, मग आपण अजून घालतो, आणि बाकीचे बारीक वास-चवी त्या गोंगाटात ऐकूच येत नाहीत.

म्हणून सुशी, पास्ता, अव्होकॅडो जे काय डोक्यात असंल ते आधी बाजूला ठेवा. पहिले दहा-बारा दिवस एवढंच करा, आठवड्यातले तीन दिवस एकवेळचं जेवण चटणीशिवाय. सगळं आळणी खायचं नाही, हिरवी मिरची, आलं, मिरी, चिंच, आमसूल, ओलं खोबरं सगळं चालतंय, फक्त ती बरणी उघडायची नाही आणि कूट घालायचं नाही. फिक्कं लागंल. चिडचिड पण होईल, आमच्या मेसमध्ये तर मी हे केलं की त्या दिवशी खाडे वाढतात. टिकवा. हे केल्याशिवाय पुढचं कितीही महागडं खाल्लं तरी तुम्हाला ते "काय चव नाही राव" असंच वाटणार.

आता तुमच्या सुशीचं बघू, कारण तिथं नक्की काय बिघडलं ते कळलं की अर्धं काम झालं. एका घासात तुमच्यासमोर किती नवीन गोष्टी आल्या? भात गार, आणि आपल्या डोक्यात गार भात म्हणजे शिळा भात. तो आंबट, म्हणजे आपल्या डोक्यात खराब झालेला. भोवती ती काळी नोरी, समुद्राच्या शेवाळाचा वास, जो कोल्हापूरच्या माणसाने फक्त मालवणला किनाऱ्यावर घेतलाय. आत कदाचित कच्चा मासा, मऊ. कुरकुरीत काही नाही, गरम काही नाही, तेलाचा तवंग नाही, आणि चॉपस्टिकने धरायची कसरत वेगळीच. एकाच घासात पाच-सहा अनोळखी माणसं घरात घुसली, त्यांना हाकलून दिलंत तर त्यात काय चुकलं?

माणूस सर्वभक्षी प्राणी आहे, काही पण खाऊ शकतो, आणि म्हणूनच तो अनोळखी वस्तूला घाबरतो, कारण पूर्वी चुकीचं खाल्लं की खेळ खल्लास. या भीतीला फूड निओफोबिया म्हणतात, ती मोजायला प्लायनर आणि हॉबडेन या दोन बायकांनी १९९२ साली दहा वाक्यांची एक प्रश्नावली पण केलीय. साधारण दोन ते सहा वर्षांच्या पोरांत ही भीती सगळ्यात जास्त असते, मोठेपणी कमी होते, पण काहीजणांत राहते. तुमच्यात ती जरा आहे, एवढंच. माझ्या नवऱ्यात तुमच्या दुप्पट आहे, पनीर हा शब्द उच्चारायला त्याने लग्नानंतर सहा वर्षं घेतली.

तर नियम एकच, आणि तो मी मेसमध्ये १९ वर्षं पाळते: ताटात तीन गोष्टी ओळखीच्या, एकच अनोळखी. नवीन भाजी असंल तर भाकरी, आमटी, भात आपलेच. नवीन धान्याची भाकरी असंल तर तिच्याबरोबर आवडीचं पिठलं. एकदम "आज इटालियन डे" असलं काही करायचं नाही, घरात पण नाही आणि मेसमध्ये तर अजिबात नाही. मी एकदा केलं होतं, पास्ता, सूप आणि गार्लिक ब्रेड, सगळं एकाच दिवशी. रात्री दहा वाजता निम्मी मेस कोपऱ्यावरच्या गाड्यावर अंडा-पाव खात होती आणि मी उरलेला पास्ता बघत बसले होते.

वासाचं एक वेगळंच प्रकरण असतंय. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो, घास चावताना तो घशाच्या मागून नाकात जातो. नाक दाबून वेलची घातलेला गूळ खाऊन बघा, नुसतं गोड लागतं, नाक सोडलं की भस्सकन वेलची येते. आता वासाला आठवणी चिकटलेल्या असतात, आणि नवीन पदार्थाचं घोडं नेमकं तिथंच पेंड खातं. माझ्याकडे केरळच्या पोरी आल्या तेव्हा त्यांच्यासाठी एक दिवस खोबरेल तेलात भाजी केली. इथल्या पोरांनी पहिला घास घेतला आणि टेबलावर दंगा, "ओ काकू, केसाला लावायचं तेल घातलाय काय भाजीत!" आता तुम्हीच सांगा, त्या भाजीच्या चवीत काय वाईट होतं? काही नाही. यांच्या आयांनी लहानपणापासून डोक्याला खोबरेल चोळलंय, त्यामुळे तो वास म्हणजे न्हाणीघर. आणि तिकडे त्या पोरींना आपल्या शेंगतेलाचा वास जड वाटायचा. मग मी काय केलं, खोबरेल भाजीत न घालता ओल्या खोबऱ्याच्या चटणीला वरनं फोडणी द्यायला वापरलं, अर्धा चमचा, कढीपत्ता-मोहरी टाकून. खोबऱ्याच्या वस्तूला खोबऱ्याचा वास, कुणाला काही वाटलंच नाही. दोन-तीन महिन्यांनी तीच पोरं खोबरेल तेलातले केळ्याचे वेफर्स पुडके संपेपर्यंत खात होती.

मणिपूरच्या पोराचं त्याहून भारी. त्याने रूमवर आंबवलेला मासा आणलेला, पार्टनरनी त्याचा डबा गॅलरीत ठेवला, भांडण माझ्यापर्यंत आलं. मी त्या पार्टनरला विचारलं, बाबा, तुझी आई सुकट भाजती तेव्हा शेजारचे काय म्हणतात? गप्प बसला. पुढे पावसाळ्यात त्याच मणिपुरी पोराने बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी करून दाखवली आणि आजऱ्याकडचा एक मेंबर ओरडलाच, ही तर आमची आजी करते! डोंगरपट्ट्यात खातातच की आपल्याकडे. (घरी करणार असाल तर कोंब कच्चे वापरायचे नाहीत, चिरून पाण्यात ठेवायचे, मग उकळून ते पाणी टाकून द्यायचं, त्यात सायनाइड तयार करणारे घटक असतात.)

आता किती वेळा खाल्लं की आवडायला लागतं? लीअन बर्च नावाच्या बाईंनी १९८२ साली दोन वर्षांच्या पोरांवर प्रयोग केला होता, काही नवीन पदार्थ दोनदा, काही पाचदा, काही दहा, पंधरा, वीस वेळा दिले. जितक्या जास्त वेळा चाखलं तितकी आवड वाढत गेली. नंतरच्या कामात हे पण दिसलं की नुसतं बघून किंवा वास घेऊन फारसं भागत नाही, जिभेला लागायला लागतं. माझा मेसचा अनुभव पण तसाच, मोठ्या माणसाला सातव्या-आठव्या वेळेपर्यंत निदान भांडण तरी मिटतं. आपण काय करतो, एकदा खातो आणि आयुष्यभराचा निकाल देतो, "मला शेपू आवडत नाही." कधी खाल्ला होता? चौथीत असताना!

म्हणून म्हणते, नवीन वस्तू दोन चमचे. फक्त दोन. वाटीभर घेऊन संपवायची जबरदस्ती स्वतःवर करू नका, पैसे दिलेत म्हणून तर मुळीच नाही, त्याने उलट तिटकारा बसतो. पण मग चार-पाच दिवसांनी परत दोन चमचे, वेगळ्या रूपात. शेपू पहिल्यांदा मूगडाळीत, मग थालीपिठात, मग लसूण-फोडणीचा नुसता. भूक लागलेली असताना खायचं, पण वखवखलेलं असताना नाही. आणि शक्य असंल तर ज्याला ती वस्तू मनापासून आवडते अशा माणसाच्या शेजारी बसून खायचं, तुमच्या भावाने ती सुशी संपवली ना, त्याला एकदा खाताना नीट बघायला पाहिजे होतं. अपवाद एकच, एखादी गोष्ट खाऊन तुम्ही कधी जोरात आजारी पडला असाल, उलट्या झाल्या असतील, तर तिचा तिटकारा एका फटक्यात बसतो आणि तो लवकर जात नाही, मग दोष त्या पदार्थाचा असो नसो. तिथं डोकं आपटू नका, दुसरं काहीतरी बघा.

बरं, मग सुरुवात कशाने? माझं मत, घरापासून दहा किलोमीटरच्या आतलं तुम्ही अजून काय काय खाल्लेलं नाही तिथून. तुम्ही कोल्हापूरचे म्हणता, पण हुलग्याचं माडगं शेवटचं कधी प्यालात? नाचणीची आंबील? ती तर मार्गशीर्षात रेणुकेच्या आंबील यात्रेला सगळं कोल्हापूर पितं, वरणं-वांगं, भाकरी, कांद्याची पात, गाजर, सगळं साग्रसंगीत, आणि मग वर्षभर नाव नाही. पावसाळ्यात कपिलतीर्थला किंवा लक्ष्मीपुरीत बाजाराच्या कडेला बसलेल्या खेड्यातल्या बायकांकडे बघा, करटोली, कुर्डू, भारंगी, टाकळा, पाथरी, घोळ. आजरा घनसाळ तांदूळ घ्या किलोभर, २०१६ ला जीआय (त्या भागाची खास वस्तू म्हणून मिळणारं मानांकन) मिळालंय त्याला, वास असा की शेजारचा विचारतोय काय शिजतंय, त्यावर नुसतं तूप-मीठ-लिंबू. आमटी ओतायची नाही त्या दिवशी, कृपा करा. रानभाजी ओळखीच्या माणसाकडूनच घ्यायची हे मात्र लक्षात ठेवा, आणि रानातल्या अळंब्या तर स्वतःच्या हुशारीवर कधीच तोडायच्या नाहीत.

मग दुसरा टप्पा घाट उतरून किंवा सीमा ओलांडून. बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिकडं धारवाड-हुबळीकडे पण खानावळच म्हणतात, जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच पण कागदासारखी पातळ आणि कडक, भरलं वांगं, कारळाची चटणी, दही. तीन ओळखीच्या आणि एक नवीन हा हिशोब तिथं आपोआप बसतो. उलट्या बाजूला गगनबावड्यावरनं खाली उतरलात की तिरफळ भेटतं, मसाल्याचं एक फळ. बांगड्याच्या कालवणात घालतात, आतली काळी बी काढून नुसतं साल. जीभ थोडी बधिर होते, मुंग्या येतात, पहिल्यांदा खाणारा घाबरतोच. आता गंमत बघा, चीनच्या सेशवान प्रांताची खरी ओळख असलेली जी मिरी आहे ती या तिरफळाचीच सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली, तीच बधिरता. आपल्या चौकातल्या शेजवान चटणीत ती शोधून सापडत नाही हा भाग वेगळा. म्हणजे कोकणातलं तिरफळ जिभेला ओळखीचं झालं की उद्या खरंखुरं सेशवान जेवण समोर आलं तर तुमची जीभ म्हणणार, अरे ही तर पाहुणी आपल्यातलीच.

याला मी पूल म्हणते आणि सगळा खेळ तिथंच आहे. पांढरा रस्सा पिणाऱ्या माणसाला थाई ग्रीन करी अवघड जायचं काही कारणच नाही, नारळाचं दूध तेच, हिरवी मिरची तीच, आणि त्यातला तो लिंबासारखा वास म्हणजे आपल्या परसातला गवती चहा, ते लोक खालचा पांढरा देठ वाटून घालतात आणि आपण पात चहात टाकतो. किमची म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, इडली-आंबीलीला आंबट करणारे जंतू तिथं पण त्याच जातीचे. मोमो बघून नाक मुरडणाऱ्या माझ्या सासूबाईंना मी "हळदीच्या पानाशिवायचं दिंडं आहे, तिखटाचं" म्हणून दिलं, चार खाल्ले. इथिओपियात इंजेरा म्हणून जाळीदार आंबवलेली मोठी पोळी असते, आपल्या आंबोळीची लांबची नातेवाईक.

हमस तर मी सगळ्यांना पहिला करायला लावते, कारण त्यात अनोळखी वस्तू एक पण नाही. वाटीभर काबुली चणे रात्री भिजत घाला, सोड्याची चिमूट टाकून कुकरला एकदम मेण होईस्तोवर शिजवा. तीन-चार चमचे पांढरे तीळ नुसते कोमट होईपर्यंत भाजा, लाल करू नका, कडू होतात. तीळ थोड्या तेलात वाटून घ्या, त्यात दोन पाकळ्या लसूण, मीठ, एका लिंबाचा रस, मग चणे, आणि बर्फाचं पाणी चमचा-चमचा घालत मिक्सर फिरवत राहा, पांढरं आणि हलकं होतं. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खायचं. माझ्या मेसमध्ये पहिल्या दिवशी "हे काय, पिठल्याचं भूत?" म्हणाले, आता महिन्यातनं दोनदा मागतात. त्यावर कांदा-लसूण चटणी भुरभुरून खातात, मी काही बोलत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नाही तरी बोलणार आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नात "खातो", "मिळतं", "असतं" आलं, "करतो" कुठंच नाही आलं. म्हणजे घरात करणारं दुसरं कुणीतरी आहे, बायको किंवा आई. तुम्हाला खाऊन कंटाळा आला, तेच रोज सकाळी साडेपाचला उठून करणारीला किती आला असंल, विचारलंय कधी? माझी एक मैत्रीण, तिचा नवरा असाच एक दिवस म्हणाला "जरा काहीतरी वेगळं कर की." ती म्हणाली, "मी पण तेच म्हणतो, वेगळं काहीतरी कर की, म्हणजे तूच कर." (आमच्यात बायका पण "मी जातो, मी म्हणतो" बोलतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) तर नवीन खाण्याचं हे सगळं खूळ घरातल्या बाईच्या डोक्यावर टाकू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची, बाजार तुमचा, भांडी पण तुमचीच. आणि फसलं तर ओरडायला कुणी नाही, कारण केलं तुम्ही. गुरुवार ठेवा, बुधवारच्या मटणानंतर घरात तसंही हलकंच हवं असतं.

अजून एक सावधगिरी, वेगवेगळ्या चवी समोर आल्या की माणूस जास्त खातो. एकाच पदार्थाने पोट भरल्यासारखं लवकर वाटतं, चव बदलली की भूक परत जागी होते, बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलंय हे, लग्नात मसालेभातानंतर जिलेबीला जागा कशी होते ते आपल्याला त्याआधीपासून माहिती आहे. म्हणून नवीन म्हणजे जास्त नाही, जुन्यातलं काहीतरी कमी करून नवीन. कोळंबी-खेकडा आधी कधी खाल्ला नसंल तर पहिल्यांदा थोडासाच, ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं किंवा दम लागला तर लगेच दवाखाना, घरगुती उपाय नको. रक्त पातळ करायची वॉर्फरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं. आणि चार-पाच आठवडे कशाचीच चव लागत नाही, भूक मेली, वजन उतरतंय, झोप नाही, असं काही असंल तर तो जेवणाचा कंटाळा नसतो, तपासून घ्या. तुमच्या लिहिण्यावरनं तसं वाटलं नाही मला, मटणाचा वार बरोबर लक्षात आहे तुमच्या.

सुशी सोडायची नाही बरं का. पण आता उलटीकडून. आधी घरी गरम भात, त्यात दोन चमचे व्हिनेगर, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, कोमट झाला की काकडीबरोबर खा, दहीभाताचा भाऊ लागतो. चार दिवसांनी त्यात नोरी चुरडून, तव्यावर शेकवून घ्या आधी, पापडासारखी होते. मग काकडी किंवा अव्होकॅडोची साधी सुशी. कच्च्या माशाची घाई नको, तो चांगल्या ठिकाणी ठराविक थंडीत ठरावीक दिवस गोठवून मग वाढतात, जंतांसाठी, आणि तशी सोय असल्याची खात्री नसंल तर खाऊच नये, समुद्रापासून एवढ्या लांब तर नाहीच.

राहता राहिल्या त्या चार पुड्या. त्यात खरी वसाबी बहुतेक नसणार, ती फार महाग असते, पुडीत सहसा हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग असतो. ती मिरचीसारखी जिभेवर बसत नाही, सरळ नाकात चढते आणि अर्ध्या मिनिटात उतरते. हा झटका तुम्ही आधी खाल्लेला आहे, लोणच्याला मोहरी फेसून घालतात ना, नाकातनं पाणी येईस्तोवर, तेच ते. तर दोन काकड्या चोचवा, पाणी पिळून टाका, घट्ट दही, मीठ, किंचित साखर, आणि फेसलेल्या मोहरीच्या जागी अर्धी पुडी दह्यात कालवून घाला. पूर्ण नको, अर्धीच. आणि आईला वाढताना वसाबी म्हणू नका, कोशिंबीर म्हणा, दोन घास झाले की मग सांगा.